फळ्यावरचे बोलून दाखवा

लुई ब्रेल यांचा जन्म ४ जानेवारी १८०९चा. म्हणून आज जागतिक ब्रेल दिन. भाषणे होतील, डोळ्यांना पट्टी बांधून चालण्याचे कार्यक्रमही होतील. ब्रेल यांच्या शाळेत काय घडले, ते मात्र क्वचितच सांगितले जाते. पॅरिसच्या त्या अंधशाळेत मुलांना साधी रोमन अक्षरेच उठावात छापून वाचायला देत. बोटांना ती फार सावकाश कळत, लिहिता तर येतच नसत. पण डोळस शिक्षकांना वाचता येत, म्हणून ती बरी! ब्रेल यांची सहा टिंबांची लिपी १८२४च्या सुमारास, त्यांच्या पंधराव्या वर्षी आकाराला आली. संस्थेची अधिकृत मान्यता मिळाली १८५४मध्ये, ते वारल्यावर दोन वर्षांनी.

सोय कोणाची पाहायची, हा प्रश्न आपल्या माध्यमिक शाळांतही सुटलेला नाही. दृष्टिबाधित मुलाला दहावीला लेखनिक मिळतो, तासामागे वीस मिनिटे जादा मिळतात, आकृत्या-नकाशांतून सूट मिळते. पहिल्या दोन गोष्टी हव्यातच. तिसरीबद्दल आम्हाला शंका आहे. परीक्षेतली ही सूट हळूच वर्गात शिरते. भूमितीचा तास? 'तू बस नुसता.' प्रयोगशाळेत नको, मैदानावर नको. सगळे मायेने चालते, त्यामुळे तक्रारही करता येत नाही. वास्तविक रबराच्या पाटीवर पातळ प्लास्टिकचा कागद ठेवून टोकदार पेनाने रेघ मारली की ती उंचावते, त्रिकोण बोटांना कळतो. शिक्षकांची तासाआधीची दहा मिनिटे तेवढी जातात.

फळ्यावर लिहिताना बोलायला तर तीही लागत नाहीत. 'हे इकडे नेले, याने भागले, आले उत्तर' यातून न पाहणाऱ्याला काय कळणार? 'एक्स वर्ग वजा पाच एक्स' असे म्हटले, तर मागच्या बाकावरच्या डोळस मंडळींचेही भले होईल. अल्पदृष्टीच्या मुलाला पुढचे बाक, ठळक मोठी अक्षरे आणि खिडकीच्या चकाकीपासून आडोसा लागतो. त्याला आपण 'लक्ष कुठे आहे?' म्हणून ओरडतो.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके आणि साधने मोफत मिळायला हवीत. पण पुस्तक दिवाळीनंतर हाती पडले, तर सहामाही त्याने कशावर द्यायची? मुख्याध्यापकांनी आठवीतल्या मुलाला याच आठवड्यात विचारावे: नववीची पुस्तके ब्रेलमध्ये हवीत, मोठ्या टाइपात, की मोबाइलवर ऐकता येतील अशी? आणि मागणी लगेच पाठवावी. जूनला पाचच महिने आहेत.