कागद गात नसतो

जुने युरोपीय दरबारी संगीत छापले आहे तस्सेच गावे, गायकाने पदरचे काही घालू नये, असा आग्रह धरणारी एक सोवळी मंडळी आहेत. त्यांना हे इतिहासाशी इमान वाटते. मला ही इतिहासाची उपेक्षा वाटते. आणि दिवाळीच्या दिवसांत वाद नको म्हणून गप्प बसणे माझ्या स्वभावात नाही.

इटलीतल्या मांटुआच्या गोंझागा दरबाराचेच उदाहरण घ्या. १६०७ साली तेथे मोंतेवेर्दीचे 'ऑर्फेओ' हे संगीतनाटक झाले. १६०९ साली ते व्हेनिसला छापले गेले. मृत पत्नीला परत आणायला निघालेला ऑर्फेओ तिसऱ्या अंकात पाताळाच्या नावाड्याला गाऊन आळवतो. छापील ग्रंथात ह्या गाण्याच्या दोन ओळी एकाखाली एक दिल्या आहेत : एक साधी, दुसरी तानांनी नटलेली. दोहोंपैकी एकच गावी, अशी सूचनाही आहे. आता सांगा, 'तस्सेच' म्हणजे कोणते?

बरे, साथीचे काय? पुष्कळ ठिकाणी खालच्या सुरांची एकच ओळ छापलेली असते. तिच्यावर स्वरांची जुळणी करायची ती हार्पसिकॉर्ड, ऑर्गन किंवा किटारोने नावाचे लांब मानेचे तंतुवाद्य वाजवणाऱ्याने, आणि तीही आयत्या वेळी! त्याच १६०७ साली अगाझारीने सिएना येथे ह्या विद्येवर पुस्तिका काढली. काही वाद्यांनी पाया सांभाळावा, काहींनी नक्षी काढावी, असे तो सांगतो. छापलेली ओळ तेवढीच वाजवणारा पाया घालतो आणि घर बांधायचे विसरतो. आपल्याकडे पुस्तकातून स्थायी-अंतरा वाचून दाखवणाऱ्याला कोणी गवई म्हणते का?

"म्हणजे मनाला येईल तसे गावे?" मुळीच नाही! फ्लॉरेन्सच्या मेदिची दरबारचा गायक काच्चीनी ह्याने १६०२ च्या आपल्या गीतसंग्रहाच्या प्रस्तावनेत हीच तक्रार केली आहे. लोक आपल्या गाण्यांत नको तेथे ताना घालून ती विद्रूप करतात, असे त्याचे म्हणणे. कोठे कंप द्यावा, कोठे आवाज वाढवावा, कोठे तालाची पकड सैल करावी, हे तो उदाहरणांनिशी दाखवतो. आणि शब्दांतला भाव सर्वांच्या वर ठेवतो. तेव्हा हे स्वातंत्र्य शिकून मिळवायचे होते, शिस्तीचे होते.

म्हणूनच मला संशोधन हवे आहे. जुन्या प्रस्तावना वाचा, जुनी वाद्ये हाती घ्या, त्या काळाची गाण्याची भाषा अंगी मुरवा. पण त्या अभ्यासाचे फळ गळ्यातून उतरले पाहिजे. गायकाचा गळा आवळणाऱ्या विद्वत्तेला मी संशोधन म्हणणार नाही.

नाटकातला तो नावाडी गाण्याने द्रवत नाही, अखेर झोपी जातो, हे खरे. परंतु श्रोत्यांनीही झोपावे, अशी सूचना त्या ग्रंथात कोठेही छापलेली नाही.