खोका नंबर १४

मेल सकाळी सव्वानऊला आला. नुकती मशीनमधून कॉफी भरून घेतली होती, ती तशीच राहिली. पुण्याहून बोटीने निघालेले आमचे २२ खोके मेलबर्नला उतरले होते, तपासणीही झाली होती. पण खोका नंबर १४ 'होल्ड'वर! पॅकिंग लिस्टमध्ये १४ समोर एकच शब्द होता, 'बेडिंग'. म्हणजे आजीची गोधडी आणि चार चादरी. आता गोधडीने कुणाचं काय घोडं मारलं?

मेलला फोटो जोडला होता. गोधडीच्या घडीत दोन पिशव्या. एकीत बेडगी मिरच्या, दुसरीत जिरं. पिशवीच्या तोंडाला रबरबँडचे तीन वेढे. हा रबरबँड मी जगाच्या पाठीवर कुठेही ओळखला असता. आई!

पुण्यात तेव्हा पहाटेचे पावणेपाच वाजले होते. लंचपर्यंत दम धरला.

तोवर थोडं बॅकग्राउंड. परदेशी शिफ्ट होताना आपल्याला वाटतं, कस्टम्स म्हणजे ड्यूटी. ऑस्ट्रेलियात तो भाग त्यातल्या त्यात सोपा. येण्याआधी १२ महिने किंवा जास्त काळ तुम्ही स्वतः वापरलेलं घरगुती सामान ड्यूटी आणि टॅक्सशिवाय सुटतं. निघायच्या आदल्या महिन्यात हौसेने घेतलेला नवाकोरा फूड प्रोसेसर मात्र या सवलतीत बसत नाही. दारू आणि सिगरेटीही नाहीत.

खरी परीक्षा बायोसिक्युरिटीची. आपल्यामागून येणाऱ्या सामानासाठी एक फॉर्म भरावा लागतो. त्यात विचारतात, खाण्याच्या वस्तू आहेत? लाकडाच्या? गवत, बांबू, बिया? माती लागलेले बूट, सायकल? मी शहाण्यासारखं देवघर, पोळपाट, सूप, सगळ्यापुढे 'हो' लिहिलं. ट्रेकिंगचे बूट ब्रशने घासून घासून पॅक केले. आणि खाण्याच्या वस्तूंपुढे बिनधास्त 'नाही' लिहून खाली सही ठोकली.

साडेबाराला फोन लावला.

"आई, खोक्यांत काय काय घातलंस?"

"कुठे काय? पॅकर्सची पोरं चहा घेत होती, तेवढ्यात मूठभर मिरच्या टाकल्या. तिकडे कसल्या मिळतायत तुला बेडगी!"

"आणि?"

"जिरं."

"आणि?"

बराच वेळ नुसती खरखर. मग हळूच, "कुकरमध्ये मूगडाळ आहे गं. अर्धा किलोच. मोकळाच जात होता कुकर."

कुकर खोका नंबर ९ मध्ये होता. आणि ९ नंबर पास झाला होता.

खरं सांगते, दोन मिनिटं मी गप्प बसले. डाळ कुणी पाहिली नव्हती. कळवलं तर पुन्हा तपासणी, म्हणजे पुन्हा फी, वर गोदामाचं भाडं. नवरा म्हणाला, "सापडली नाही ना? मग सोड की. घरी आली की उकडून खाऊन टाकू." लॉजिक तर सॉलिड होतं.

पण तोवर मी त्या फोटोचं कारण शोधून वाचलं होतं. कारणाचं नाव खपरा भुंगेरा. जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा किडा, मूळचा आपल्याच भागातला. धान्य फस्त करतो. अळी फटीत दडून बसते आणि अन्नाशिवायही वर्षानुवर्षं तग धरते. ऑस्ट्रेलिया गहू निर्यात करणारा देश. हा किडा इथे मुक्कामाला आला, तर गिऱ्हाईक देश गहू घेताना दहा वेळा विचार करतील. म्हणून २०२० मध्ये इथे नियम कडक झाले. तांदूळ, गहू, हरभरे, मूग, मसूर, शेंगदाणे, धने, जिरं, सुक्या मिरच्या अशा बऱ्याच गोष्टींना घरसामानातून सरळ बंदी. म्हणजे आईने न बघता यादीतल्या तीन वस्तू अचूक निवडल्या होत्या!

आणि त्या फॉर्मवर सही आईची नव्हती, माझी होती. 'आईने टाकलं' हे शाळेच्या वहीत चालतं. इथे खोटी माहिती देणं गुन्हा आहे. आधीचं 'नाही' अजाणता होतं. आता गप्प बसले असते, तर ते जाणूनबुजून झालं असतं.

दोन वाजता मेल टाकला. खोका ९, कुकर, मूगडाळ, अर्धा किलो. 'सेंड' दाबताना हात थरथरला, हे कबूल.

पुढे? ९ नंबर पुन्हा उघडला. डाळ, मिरच्या, जिरं नष्ट. पर्याय दोनच होते, स्वखर्चाने देशाबाहेर परत पाठवा किंवा नष्ट करा. सामान ११ दिवस उशिरा आलं, तोवर आम्ही जमिनीवर झोपलो. बिल बघून नवऱ्याने गणित मांडलं, ही आमच्या घराण्यातली सर्वांत महाग खिचडी, तीही न खाल्लेली. दंड मात्र झाला नाही. उत्तरादाखल दोन ओळींचा मेल आला, त्यात कळवल्याबद्दल आभार होते.

तुमच्यापैकी कुणी निघणार असेल, तर फुकटचा सल्ला. खोके भरताना स्वतः तिथे उभे राहा. 'किचन', 'बेडिंग' असं मोघम नको, आत काय आहे ते नीट लिहा. कुकर, डबे, पर्सचे कप्पे उघडून बघा. शंका आली तर 'हो' लिहा. 'हो' लिहिल्याने फार तर तपासणी होते. आणि आईला आधीच सांगा. ओरडून नाही, नीट बसून सांगा.

त्या शनिवारी आईला व्हिडिओ कॉलवर डँडेनाँगचं लिटल इंडिया फिरवून आणलं. बेडगीची पाकिटं ओळीने मांडलेली. ती बघतच राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुला काहीच लागत नाही तर तिकडे."

आवाज जरा पडला होता. मी म्हटलं, "लागतं ना. गोधडी आली की."

गोधडी आता पलंगावर आहे. मिरच्या गेल्या, पण घडी उलगडली की अजून एखादी शिंक येतेच.