माप सांगायला लाज कसली?



आजचा विषय जरा आतल्या कपड्यांचा आहे. घरातल्या पुरुषांनी वाचला तरी चालेल, कारण दुकानं तेच चालवतात. माझं म्हणणं सरळ आहे. भरलेल्या छातीच्या बाईला आपल्या जळगाव-धुळ्याकडे मापाची ब्रा सहज मिळत नाही, पोहण्याचा कपडा तर त्याहून नाही. आणि याला कारण तिचं शरीर नाही, वयही नाही. दुकानात एकच आकडा सांगायची पद्धत पडली आहे आणि आपण तो आकडाही खाली मान घालून सांगतो, या दोन गोष्टींचा हा परिणाम आहे.

खांद्यावर पट्ट्यांचे खोल वळ, मान आखडलेली, मागची पट्टी पाठीवर चढलेली, छातीखाली घामाने आलेली खाज आणि लाली. हे किती जणींना आहे? विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘आता वय झालं’ किंवा ‘आमच्या घरात सगळ्यांचा बांधाच जड’. अठ्ठेचाळीस मिनिटांची सामायिक करताना पाठ ताठ राहत नाही म्हणून बायका भिंत शोधतात. त्यातल्या काहींची पाठ खरोखर दुखरी असेल. पण काहींच्या पाठीवर आणि खांद्यांवर चुकीच्या मापाचं ओझं आहे, आणि ते उतरवता येतं.

ब्राचं माप दोन भागांचं असतं. आकडा सांगतो छातीखालचा घेर, म्हणजे पट्टी किती लांब. अक्षर सांगतं कप किती खोल. कपांना अक्षरं देण्याची ही पद्धत १९३०च्या दशकात अमेरिकेत सुरू झाली, आणि तेव्हा ए, बी, सी, डी एवढीच अक्षरं होती. जगात पुढे डबल डी, ई, एफ, जी अशी मापं आली. आपल्याकडच्या बऱ्याच दुकानांत गाडी अजून बी आणि सी वर थांबलेली आहे. गिऱ्हाईक म्हणतं ‘अडतीस द्या’, दुकानदार अडतीस काढून देतो. कप कोणता, हे ना ती सांगते, ना तो विचारतो. म्हणजे दोन आकड्यांच्या हिशेबात एक आकडा कायमचा गाळलेला.

मी कॉमर्सची विद्यार्थिनी, म्हणून उदाहरण घेऊन मांडते. समजा एका बाईचा छातीखालचा घेर ३६ इंच आहे आणि छातीचा सर्वांत भरलेल्या जागी घेर ४१ इंच. फरक ५ इंच. १ इंचाला ए, २ ला बी, ३ ला सी, ४ ला डी, आणि ५ ला डबल डी. काही कंपन्या पाचलाच ई म्हणतात, म्हणून पाकिटावरचा तक्ता बघून घ्यावा. तर या बाईचं माप झालं ३६ डबल डी. दुकानात ते नसतं. मग दुकानदार काय करतो? मोठा आकडा देतो. आता गंमत बघा. पट्टीचा आकडा दोनाने वाढला आणि अक्षर एकाने कमी झालं की कपात मावणारं प्रमाण जवळजवळ तेच राहतं. म्हणजे ३६ डबल डी, ३८ डी, ४० सी आणि ४२ बी, या चारही कपांत मावतं साधारण तेवढंच. ४२ बी घातली की ‘बसली बाई एकदाची’ असं वाटतं, कारण कप भरतो. पण पट्टी सहा इंच सैल! खरा भार पट्टीने उचलायचा असतो. ती सैल पडली की पाठीवर चढते आणि सगळं ओझं दोन बारीक पट्ट्यांवर, म्हणजे आपल्या खांद्यांवर येतं. खांद्यावरचा वळ तिथून येतो.

यात आणखी एक जुना घोळ आहे. काही तक्त्यांत छातीखालच्या घेरात चार किंवा पाच इंच मिळवून पट्टीचा आकडा काढायला सांगतात. वरच्या बाईला तो तक्ता लावा. ३६ अधिक ४ म्हणजे ४०, आणि फरक उरला १. माप निघालं ४० ए! एवढ्या भरलेल्या बाईला सर्वांत लहान कप. असा तक्ता दिसला तर बाजूला ठेवा.

माप घरीच घ्या. शिवणाच्या डब्यातला टेप पुरे. पॅड नसलेली साधी ब्रा घालून आरशासमोर उभं राहा. श्वास सोडा आणि छातीच्या अगदी खाली टेप अंगाला घट्ट टेकवून, जमिनीला समांतर धरून वाचा. आकडा विषम आला तर पुढचा सम आकडा धरा. मग सर्वांत भरलेल्या जागेवरून टेप न आवळता घेर घ्या. वयाने छाती खाली उतरलेली असेल तर उभ्याने घेतलेलं माप कमी येतं, म्हणून कमरेत वाकून एकदा घ्या आणि दोन्हींच्या मधला आकडा धरा. सून किंवा लेक मदतीला असेल तर टेप मागे वाकडा होत नाही.

घालून बघताना पाच गोष्टी तपासा. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर नीट बसली पाहिजे, कारण वापराने इलॅस्टिक सैल होतं तेव्हा आतले हुक कामी येतात. मागची पट्टी पुढच्याइतक्याच उंचीवर, सरळ रेषेत असावी आणि तिच्याखाली दोन बोटं जावीत. खांद्यावरचे पट्टे क्षणभर उतरवले तरी छाती बऱ्यापैकी जागेवर राहिली पाहिजे. दोन कपांमधला भाग छातीच्या हाडाला टेकला पाहिजे. आणि कपाच्या वरून किंवा काखेतून अंग बाहेर येत असेल तर कप लहान आहे, कपाला सुरकुत्या पडत असतील तर मोठा आहे.

आता दुकानाची बाजू. एका होजिअरीच्या दुकानात मी माप सांगितलं तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘काकू, हे मुंबई-पुण्याला मिळेल, इकडे कोणी मागत नाही.’ त्याचं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. कोणी मागत नाही! मागणी नोंदली गेली नाही तर पुरवठा येणार कुठून? आपण चार बायकांच्या मागे उभं राहतो, पुरुष गिऱ्हाईक बाहेर जायची वाट बघतो, हळूच आकडा सांगतो, तो वर्तमानपत्रात गुंडाळून देईल ते घेतो आणि न घालून बघता घरी येतो. घरी बसली नाही तर बदलायला जायचीही लाज. दुकानदाराच्या वहीत मात्र लिहिलं जातं की ४२ बी खपली. पुढच्या खेपेला तो आणखी ४२ बी मागवतो.

मोठ्या पातळीवरही आपलं माप कोणाकडे नव्हतं. भारतीय शरीरांची स्वतःची मापं असावीत म्हणून वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट यांनी ‘इंडिया साइझ’ हे सर्वेक्षण हाती घेतलं. १५ ते ६५ वयाच्या २५,००० स्त्री-पुरुषांची मापं यंत्राने घ्यायची अशी ती योजना. शहरं सहा, आणि पश्चिम भागासाठी मुंबई. चांगलं काम आहे. पण मुंबईची मापं निघाली तरी फुले मार्केटमधल्या फळीवर काय ठेवायचं, हे जळगावच्या बायकांच्या तोंडूनच कळणार.

ऑनलाइनने थोडी सोय झाली आहे. ‘झिवामे’ ही कंपनी २०११ साली बंगळुरूला रिचा कर या मुलीने काढली ती याच संकोचाचा विचार करून. तिच्या आईलाच सुरुवातीला प्रश्न पडला होता की मुलगी काय विकते हे मैत्रिणींना सांगायचं कसं. आज सुना मोबाइलवर मागवतात आणि मोठ्या कपांची मापंही तिथे मिळतात. मागवताना बदलून देतात की नाही ते आधी वाचा, आणि दोन शेजारची मापं मागवून बसेल ती ठेवा. पण साठी ओलांडलेल्या किती जणी मोबाइलवर मागवतात? त्यांच्यासाठी गावातलंच दुकान सुधारायला हवं. एक पडदा, एक आरसा, एक टेप आणि एक विक्रेती बाई, एवढ्यावर काम होतं.

आणि हे काही परकं खूळ नाही. आपल्या आज्या-पणज्यांची खणाची चोळी अंगाचं माप घेऊन शिवलेली असायची, आणि पुढची गाठ घट्ट-सैल करता यायची. बाळंतपणात, आजारात, उपवासात अंग बदललं तरी चोळी जमवून घेता यायची. तयार माल आला तसं शिंप्याचं माप गेलं, आणि कपड्यात शरीर बसवायची वेळ आली.

पोहण्याच्या कपड्याचंही हेच आहे. धुळ्याच्या माझ्या वहिनीला गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं. छातीपर्यंतच्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर वजनाचा साधारण तिसरा हिस्साच येतो, म्हणून दुखऱ्या गुडघ्यांना तो व्यायाम सोसतो. महिलांची बॅच होती, शिकवायला बाई होती. अडलं ते कपड्यावर. पाण्यातल्या जीवांचा विचार करून ज्यांनी तलावात न उतरण्याचा नियम घेतला आहे, त्यांनी तो जरूर पाळावा. पण जिचा नियम नाही आणि जिला गरज आहे, ती केवळ मापाचा सूट नाही म्हणून घरी बसावी, हे मला पटत नाही.

अंगभर सूट आता भरपूर मिळतात, लांब बाह्यांचे, पायापर्यंतचे. पण ते एस, एम, एल अशा मापात असतात. छातीला बसणारा डबल एक्सएल घेतला की कमरेला पाणी भरतं. म्हणून वरचा आणि खालचा भाग वेगळा असलेला सूट घ्या आणि दोन्हींची मापं वेगवेगळी निवडा. आतून छातीखाली रुंद इलॅस्टिक आणि अस्तर असेल तर उत्तम. नसेल तर आत नायलॉनची, ताणणाऱ्या कापडाची स्पोर्ट्स ब्रा मापाने घ्या. सुती नको, ती पाणी पिऊन जड होते, लोंबते, आणि बऱ्याच तलावांवर सुती कपड्याला परवानगीही नसते. कोरडा असताना सूट किंचित घट्टच हवा, कारण भिजल्यावर सैल पडतो. घरी हात वर करून, पुढे वाकून, दोन उड्या मारून बघा. तलावातून आल्यावर साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवा, नाहीतर क्लोरीनने इलॅस्टिक लवकर जातं. लग्नाच्या साड्यांसाठी आपण सुरतेला जातोच. तेव्हा या कापडाचा सूट शिवून देणारं कोणी आहे का, तेही विचारायला हरकत नाही.

कोणी म्हणेल, देहाचे एवढे लाड कशाला, आपण आत्म्याचा विचार करणारी माणसं. मला उलटं दिसतं. टोचणारा कपडा दिवसभर देहाचीच आठवण करून देतो. नीट बसलेला कपडा विसरता येतो. मर्यादेचं म्हणाल, तर नीट आधार असलेली छाती जास्त झाकलेली राहते. आणि अपरिग्रहाचं म्हणाल, तर कपाट उघडून बघा. न बसलेल्या पाच-सहा ब्रा पडून असतील. व्यापारात त्याला डेड स्टॉक म्हणतात. त्यापेक्षा मापाच्या तीन, आलटून पालटून वापरलेल्या, हा कमी परिग्रह आहे. त्या महाग असतात हे खरं. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यावर जीएसटी ५ टक्केच आहे. आधी हजाराच्या वर गेलं की १२ टक्के लागायचे, आणि मोठी मापं नेमकी तिथेच जायची.

दोन गोष्टी तब्येतीच्या. तारेच्या किंवा घट्ट ब्राने कॅन्सर होतो अशी भीती बायकांत आहे. २०१४ साली सिॲटलच्या संशोधकांनी पाळी गेलेल्या सुमारे दीड हजार स्त्रियांचा अभ्यास केला, त्यात ब्राचा आणि कॅन्सरचा संबंध आढळला नाही. गाठ लागली तर मात्र ब्राला दोष देत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. आणि आपल्या उन्हाळ्यात, पारा ४५ वर गेला की छातीखालची घडी कोरडी ठेवा. लाली हटत नसेल तर पावडर थापत न राहता डॉक्टरांना दाखवा.

वर्षीतप, अठ्ठाई, मोठं आजारपण किंवा बाळंतपण झालं की वजन बदलतं आणि मापही बदलतं. अशा वेळी पुन्हा टेप काढा. वाढत्या वयाच्या नातींना पहिल्यापासून दोन आकड्यांचं माप शिकवा, म्हणजे त्या खांदे पुढे काढून चालणार नाहीत.

आणि पुढच्या वेळी दुकानात गेलात की पूर्ण माप सांगा, आकडा आणि अक्षर, दोन्ही, नेहमीच्या आवाजात. नसेल तर ‘मागवून ठेवा, मी पुढच्या आठवड्यात येते’ असं म्हणा, आणि खरंच जा. दहा जणी गेल्या की अकरावीसाठी ते माप फळीवर असेल.