धरण भरलेलं, चारी कोरडी

परवा गावी गेलो होतो. मामांना एक दाखला हवा होता, म्हणून त्यांना गाडीवर मागे बसवून तालुक्याला नेलं. खिडकीतल्या मुलाने मान वर न करता सांगितलं, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." मामा लगेच वळले. वाद नाही, प्रश्न नाही. कोथिंबिरीच्या जुडीसाठी नारायणगावच्या बाजारात अर्धा तास हुज्जत घालणारा हा माणूस! (मामा, वाचत असाल तर रागावू नका, पण हे खरं आहे.)

पूर्वी "साहेब मीटिंगला गेलेत" असं सांगायचे. तेव्हा निदान "कधी येतील?" असं विचारता तरी यायचं. सर्व्हर कधी येणार हे कुणाला विचारायचं?

मी स्वतः पोटापाण्यासाठी पुण्यात सर्व्हरच सांभाळतो. त्यामुळे हे वाक्य कानावर आलं की जरा अपराधी वाटतं. "सर्व्हर डाऊन" हे उत्तर नाही असं माझं स्पष्ट मत आहे. कधीपासून बंद आहे, बंद पडताना काय चाललं होतं, कुणाला कळवलंय, आणि तोपर्यंत समोरच्या माणसाचं काय करायचं, एवढं सांगता आलं तर ते उत्तर. हे मत काही मी पुस्तकात वाचून बनवलेलं नाही. एका ठिकाणी माझी चांगली फजिती झाली होती, तेव्हापासूनचं आहे.

साल २००९, महिना जून. मामा तेव्हा आमच्या भागातल्या एका पतसंस्थेत होते. नाव सांगत नाही. सहा-सात कॉम्प्युटर, आणि कपाटाशेजारी एक सर्व्हर. त्यावर विंडोज २००३ आणि दोन जीबी रॅम. सभासदांचे स्कॅन केलेले कागद, कर्जाच्या फायली, सगळं त्या सर्व्हरवरच्या एका शेअर केलेल्या फोल्डरमध्ये. मामांचा फोन आला, "अरे, फोल्डरच उघडत नाही कुणाचं. बंद करून चालू केलं की चालतं, मग काही दिवसांनी पुन्हा तेच."

मी पुण्यात बसून, मशीन न बघता, दोन मिनिटांत निदान केलं. रॅम कमी पडतेय, चार जीबी करा. डॉक्टर फोनवर औषध सांगतात ना, तसं. त्यांनी बिचाऱ्यांनी मीटिंगमध्ये ठराव करून रॅम आणली. आठवड्याच्या आत पुन्हा फोन.

शेवटी एका शनिवारी एसटीने गेलो. बाजूलाच खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना अब्जावधी किलोमीटर दूरच्या ताऱ्यांची कुजबुज ऐकताहेत, आणि इथे बारा फुटांवरच्या मशीनमधली फाईल उघडत नव्हती!

बाकावर एक बाबा बसले होते. आंबेगावच्या पश्चिमेकडचे, डिंभ्याच्याही वरच्या अंगाचे. घोडेगावला एसटी बदलून आले होते. बँकेतून पीककर्ज घ्यायचं तर इथलं काही देणं नाही असा दाखला लागतो. तो न्यायला त्यांची ही तिसरी खेप. रोपं टाकून झाली होती, पाऊस कधीही लागला असता, आणि खत घ्यायला पैसे नव्हते. त्यांची जुनी कर्जफाईल त्या फोल्डरमध्ये होती, त्यामुळे ती बघितल्याशिवाय दाखल्यावर सही होत नव्हती. ते मला काही बोलले नाहीत. मी 'पुण्याहून आलेला इंजिनीयर' आहे असं कुणीतरी सांगितल्यावर फक्त थोडे सरकून बसायला जागा दिली.

सर्व्हरवर बसलो तर सगळं झकास. माऊस पळतोय, टास्क मॅनेजर दाखवतोय अडीच जीबी मेमरी मोकळी. आणि शेजारच्या टेबलावरून फोल्डर उघडत नाही. मी चक्रावलो.

तेवढ्यात तिथल्या क्लार्क ताईंनी एक शंभर पानी वही पुढे केली. "दादा, हे बघता का? उपयोग होतो का बघा." बंद पडल्याची प्रत्येक तारीख आणि वेळ त्यांनी लिहून ठेवली होती. कुणी सांगितलं नव्हतं. साहेब ओरडले तर दाखवायला म्हणून! चालू केल्यापासून बंद पडेपर्यंत ६ दिवस, ६ दिवस, ५ दिवस, ६ दिवस. आणि रॅम दुप्पट केल्यावर? ६ दिवस.

माझा फोनवरचा सगळा शहाणपणा त्या एका ओळीत निकालात निघाला. रॅमच कमी असती तर दुप्पट केल्यावर काहीतरी फरक पडायला हवा होता. आणि बरोबर सहा दिवस म्हणजे काहीतरी थेंबथेंब गळतंय.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं, इव्हेंट व्ह्यूअर उघडला. लाल फुल्यांची रांग, क्रमांक २०१९. म्हणजे नॉनपेज्ड पूल रिकामा झालाय, सर्व्हरला त्यातून जागा मिळत नाही. हे आमच्याकडच्या भाषेत सांगायचं तर, डिंभे धरण तुडुंब आहे, पण चारीची रुंदी ठरलेली. धरणात कितीही पाणी असो, चारीतून तिच्या मापाचंच जाणार. त्या ३२ बिट विंडोज २००३ मध्ये ही चारी जास्तीत जास्त २५६ एमबीची, रॅम दोन जीबी असो की चार. आणि फाईल शेअरिंगचं काम या चारीच्या पाण्यावर चालतं. ती अडली की मशीनवर बसलेल्याला काही कळत नाही, बाहेरून फाईल मागणारे मात्र कोरडे.

मग चारी अडवली कुणी? टास्क मॅनेजरमध्ये 'हँडल्स' नावाचा एक रकाना चालू करता येतो. प्रोग्रॅमने काहीही उघडलं की त्याला एक हँडल मिळतं, काम झालं की ते परत करायचं असतं. लग्नाला देवळातली भांडी नेतात आणि घासून परत आणून देतात, तसं. बाकीच्या प्रोग्रॅमकडे काही शे भांडी. एकाकडे साठ हजारांच्या वर! तो होता प्रिंटरच्या सीडीबरोबर आलेला, शाई किती उरली ते दाखवणारा एक फुटकळ प्रोग्रॅम. न्यायचा, परत द्यायचाच नाही. काढून टाकला, मशीन एकदा रिस्टार्ट केलं, झालं.

पण एक प्रश्न राहिला होता. प्रिंटर दोन वर्षं जुना, मग त्रास आत्ताच का? उत्तर वहीच्या पहिल्या पानावर होतं. पहिली नोंद मे महिन्यातली, आणि एप्रिलमध्ये संस्थेत मोठा इन्व्हर्टर बसला होता. त्याआधी भारनियमनात रोज वीज जायची, यूपीएस दहा मिनिटांत मान टाकायचा आणि सर्व्हर आपोआप बंद व्हायचा. म्हणजे रोज भांडी आपोआप परत! वीज जात होती तोवर सर्व्हर ठणठणीत होता. लाईट जायची थांबली आणि रोग उघडा पडला. यावर ताई इतक्या हसल्या की साहेब केबिनमधून बाहेर आले.

त्या बाबांना दाखला मिळाला, तीन वाजता. कर्ज वेळेत मिळालं का, खत वेळेवर पडलं का, मला माहीत नाही. एसटीच्या दोन खेपांचं भाडं मात्र त्या शाईवाल्या प्रोग्रॅमने खाल्लं, आणि त्यातली निदान एक खेप माझ्या फोनवरच्या निदानाची.

म्हणून मला रिस्टार्ट या इलाजाचा राग आहे. रिस्टार्ट केलं की माणसाचं काम चालू होतं हे खरं, रांग असेल तर मीही करीन. पण आधी दोन मिनिटं बघून, लिहून. नाहीतर चोर पळतोच आणि पाऊलखुणाही आपणच पुसतो. वार्षिक देखभालीचं कंत्राट घेणारी मुलं येतात, बटण दाबतात, सही घेऊन जातात. दोष त्यांना एकट्यांना देत नाही, त्यांना तसंच शिकवलंय. पण वही लिहिणाऱ्या ताईंचा पगार त्यांच्या एका भेटीच्या बिलाएवढाही नव्हता, हे मला आजही खटकतं.

आता तर जमाना बदललाय. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला आणि ही मोठी सोय झाली, मी स्वतः काढतो. पण सर्व्हर कपाटाशेजारून उठून कुठेतरी लांब गेला, त्यामुळे खिडकीतल्या मुलाला तो दिसतही नाही. त्याच्यावर चिडून काय होणार? माझी मागणी अगदी साधी आहे. बंद असेल तर कधीपासून ते खिडकीवर खडूने लिहा. अर्ज हातात घ्या, पोच द्या, आणि फोन नंबर लिहून घेऊन झाल्यावर कळवा. माणसाने पुन्हा एसटीने येऊन "आलं का?" विचारायचं, यात कसलं आलंय संगणकीकरण?

असो. विंडोज २००३ ला मायक्रोसॉफ्टने १४ जुलै २०१५ ला निरोप दिला, त्याच सुमारास पतसंस्थेनेही मशीन बदललं. ताई त्याआधीच नोकरी सोडून गेल्या होत्या, वही रद्दीत गेली. दाखल्याशिवाय परत येताना मामांना सहज विचारलं, तिथे आता कसं चाललंय? म्हणाले, "मस्त. दर शनिवारी संध्याकाळी सर्व्हर बंद करून चालू करायचा, एवढं पाळतात."

का, ते विचारलं. म्हणाले, "पहिल्यापासूनच तसं आहे."