उत्तरार्धाचा अधिकार

प्रेमकथा मिटून ठेवली तरी वाचकाच्या मनात एक प्रश्न रेंगाळतोच : पुढे काय झाले? वाचकाने तो विचारावा, यात काही गैर नाही. पण मूळ लेखक हयात नसताना त्याचे उत्तर देण्यासाठी दुसऱ्या कुणी लेखणी उचलावी काय?

पाश्चात्त्य देशांत अशा लेखण्यांचा सुकाळ आहे. मार्गारेट मिचेल यांची 'गॉन विथ द विंड' १९३६ साली प्रसिद्ध झाली. पुढचा भाग लिहिण्याच्या आग्रहाला त्या अखेरपर्यंत बधल्या नाहीत. १९४९ साली त्या निवर्तल्या आणि १९९१ साली वारसांच्या संमतीने अलेक्झांड्रा रिप्ले यांची 'स्कार्लेट' बाजारात आली. समीक्षकांनी नाके मुरडली. खप मात्र प्रचंड झाला. जेन ऑस्टेन यांच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधील सुखी दांपत्याच्या घराजवळ २०११ साली पी. डी. जेम्स यांनी खून घडवून आणला. नव्या पात्रांना ओळख मिळवावी लागते. जुनी पात्रे ती घेऊनच येतात. या व्यवसायाचे मर्म एवढेच आहे.

हे सारे विलायती खूळ म्हणून झटकून टाकणे सोपे आहे, पण ते सत्याला धरून होणार नाही. मराठीत ज्या साहित्यप्रकाराला आपण 'कादंबरी' म्हणतो, त्याचे नावच अशा एका प्रेमकथेवरून आले आहे, जिचा उत्तरार्ध दुसऱ्या हाताने लिहिला. सातव्या शतकात, सम्राट हर्षाच्या आश्रयाला असलेल्या बाणभट्टाचे निधन झाले, तेव्हा चंद्रापीड आणि कादंबरी विरहातच होते. पित्याची कथा भूषणभट्टाने पूर्ण केली. ती अपुरी राहिल्याचे सज्जनांना दुःख होते म्हणून आपण हे काम हाती घेतले, कवित्वाच्या दर्पाने नव्हे, असे त्याने आरंभीच सांगून टाकले.

अधिकाराचा हा प्रश्न शेवगावच्या वाचकाला तर अगदी घरचा आहे. तालुक्याच्या सीमेवर गोदावरी, नाथसागराचे पाणी आणि पलीकडे पैठण. सातवाहनांचे हेच प्रतिष्ठान. गुणाढ्याच्या लुप्त 'बृहत्कथे'चा संबंध परंपरा याच राजधानीशी जोडते आणि बाणाच्या कथेचे मूळही अभ्यासक त्याच ग्रंथात शोधतात. याच पैठणात संत एकनाथांनी या प्रश्नाचे उत्तर बोलून नव्हे, करून दाखविले.

शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीन शतकांत तिच्यात शिरलेले अपपाठ त्यांनी दूर केले आणि यापुढे या ग्रंथात कुणी आपली ओवी घुसडू नये, असे कडक शब्दांत बजावले. पण याच नाथांनी त्यापूर्वी, १५७१ साली, भागवतातील प्रेमकथेवर स्वतंत्र 'रुक्मिणीस्वयंवर' रचले. विवाहेच्छू मुलींच्या पारायणात ते आजही आहे. आणि युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायाशी नाथांचे 'भावार्थरामायण' थांबले, तेव्हा ते शिष्य गावबाने पूर्णत्वास नेले. गुरूचे काम तडीस जावे, एवढाच त्याचा हेतू होता.

यातून तीन मर्यादा स्पष्ट होतात. दुसऱ्याच्या ग्रंथात भेसळ करू नये. अपुरे राहिलेले पूर्ण करायचे तर ते नम्रतेने. आणि पूर्ण असलेल्या कथेवर पुन्हा लिहायचे तर स्वतःचे काही सांगण्यासारखे असावे. १९५९ साली वि. स. खांडेकरांनी 'ययाति' लिहिली, तेव्हा महाभारतातील शर्मिष्ठेला बोलते केले. १९६६ साली जीन ऱ्हिस यांनी 'वाइड सरगॅसो सी' लिहून 'जेन एअर'मधील माळ्यावर कोंडलेल्या पहिल्या पत्नीची बाजू मांडली. मूळ कथेत जे अबोल होते, त्याला या दोन्ही कृतींनी न्याय दिला. 'स्कार्लेट'ने लेखिकेने जाणूनबुजून मोकळा ठेवलेला शेवट बाजारासाठी भरून काढला. फरक इथे आहे.

मराठीपुढे हा प्रश्न लवकरच व्यवहाराच्या रूपाने उभा राहणार आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या ग्रंथांचे हक्क अबाधित असतात. खांडेकर १९७६ साली गेले, ना. सी. फडके १९७८ साली. म्हणजे २०३७ आणि २०३९ या वर्षांच्या आरंभी त्यांच्या कादंबऱ्या सर्वांना खुल्या होतील. फडके तर याच जिल्ह्यातील कर्जतचे. ज्यांच्या नायक-नायिकांनी दोन पिढ्यांना भुरळ घातली, त्यांचे संसार पुढे कुणीही रंगवू शकेल.

त्या दिवशी राखण कोण करणार? कायदा नव्हे, त्याची मुदत संपलेली असेल. राखण करील तो मूळ ग्रंथ वाचलेला वाचक. नाथांना ज्ञानेश्वरीतील अपपाठ ओळखता आले, कारण मूळ त्यांच्या रोमरोमांत भिनलेले होते. आज तालुक्याच्या ग्रंथालयांतील फडके-खांडेकर किती घरांत जातात, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे. मूळ न वाचलेल्या पिढीला उत्तरार्ध आणि भेसळ यांतला भेद कळणार नाही आणि तो दोष लिहिणाऱ्याचा नसेल. हाताशी दहा-बारा वर्षे आहेत. घरातील मुलांच्या हाती मूळ पुस्तक देण्यास तेवढी पुरेशी आहेत.