विश्लेषण : परराज्यात जाणारे ‘घरसामान’ म्हणजे नेमके काय?

पुण्याहून बेंगळूरुला बदली झाली, की कपाटे, पलंग, वॉशिंग मशीन, भांडीकुंडी आणि दुचाकी असा अख्खा संसार एकाच ट्रकमध्ये चढतो. कागल ओलांडून ट्रक कर्नाटकात शिरतो, तेव्हा मात्र त्यातले सगळेच कायद्याच्या लेखी ‘घरसामान’ असते असे नाही.

ई-वे बिल कशाला लागत नाही?

आंतरराज्य मालवाहतुकीसाठी 1 एप्रिल 2018 पासून ई-वे बिल सक्तीचे झाले. 50 हजार रुपयांहून अधिक किमतीच्या मालासाठी ते लागते. जीएसटी नियमावलीतील नियम 138 नुसार ‘वापरलेल्या वैयक्तिक व घरगुती वस्तूं’ना यातून सूट आहे. कळीचा शब्द ‘वापरलेल्या’. दहा वर्षांचा फ्रिज सहज सुटतो. निघण्याच्या आदल्या दिवशी घेतलेला, खोकेही न फोडलेला टीव्ही सुटेलच असे नाही. किती वापर म्हणजे वापर, हे नियमात सांगितलेले नाही. ही संदिग्धता तपासणी पथकाच्या सोयीची आणि कुटुंबाच्या गैरसोयीची आहे. राज्याबाहेर विकत घेऊन केरळात आणलेली नवी मोटार मालकाच्या नावे झाल्यामुळे ‘वापरलेली वैयक्तिक वस्तू’ ठरते, असा उदार अर्थ केरळ उच्च न्यायालयाने 2018 मध्ये लावला. पण त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. नव्या वस्तूंच्या पावत्या ट्रकसोबत ठेवणे त्याहून कितीतरी स्वस्त.

वाहन आणि मद्याचे काय?

दुचाकी ट्रकमधून गेली तरी तिची नोंदणी जुन्याच राज्यात राहते. नव्या राज्यात 12 महिन्यांहून अधिक काळ वाहन ठेवायचे, तर तिथला क्रमांक घ्यावा लागतो आणि त्यासाठी मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. 2021 मध्ये आलेल्या ‘बीएच’ मालिकेच्या वाहनांना ही यातायात नाही. गोव्यातून बिऱ्हाड हलवताना फडताळातल्या बाटल्या भांड्यांच्या खोक्यात जातात. महाराष्ट्रात मात्र त्या घरसामान नव्हेत, परवान्याविना आणलेले मद्य ठरतात.

मोडतोड झाली तर?

खरा फटका इथे बसतो. रस्ते मालवाहतूक कायदा, 2007 नुसार वाहतूकदाराची नोंदणी आवश्यक आहे आणि मालाचा तपशील व किंमत पाठवणीच्या पत्रकात लिहायची असते. अनेक जण सही करून तो रकाना कोराच सोडतात, किंवा ‘जुने सामान’ म्हणून नाममात्र आकडा टाकतात. जास्त किंमत जाहीर करून जादा जोखमीचा आकार भरला नसेल, तर 2011 च्या नियमांप्रमाणे भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच आणि तीही पत्रकातील किमतीच्या आत मिळते. दावा लावण्याआधी वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते. तिची मुदत 180 दिवस आहे आणि ती माल फुटका निघाल्याच्या दिवसापासून नव्हे, बुकिंगच्या तारखेपासून मोजली जाते.