राजवाड्याच्या भिंती कोणासाठी?

जव्हारचे संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. १९७१ च्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखेही संपले. राहिला तो मुकणे घराण्याचा जयविलास राजवाडा. आज तो पर्यटकांच्या वाटेवर आहे. जुन्या वास्तूंत नवी कला मांडण्याची प्रथा देशात आता रुळली आहे. २०१२ साली कोचीच्या द्वैवार्षिक प्रदर्शनाने ॲस्पिनवॉल हाऊस या जुन्या व्यापारी वास्तूचे कलादालन केले. २०१७ साली जयपूरच्या नाहरगडावरील माधवेंद्र महालात आधुनिक शिल्पे उभी राहिली. हा विचार उद्या जव्हारलाही पोहोचेल. त्याचे स्वागत जरूर करावे. पण डोळे मिटून करू नये.

राजवाड्याची भिंत ही कोरी भिंत नव्हे. ती कोणाच्या साऱ्यावर आणि कोणाच्या श्रमांवर उभी राहिली, हे सांगितल्यावाचून तिच्यावर चित्र टांगणे म्हणजे इतिहासाला चुना फासणे होय. जव्हारचा राजा स्वतः महादेव कोळी होता, म्हणून हा वाडा आदिवासींचाच, असा युक्तिवाद केला जातो. आदिवासी घराण्याने शतकानुशतके राज्य केले, ही गोष्ट क्षुल्लक नाही. परंतु जमात एक असली म्हणून सारा देणारा आणि सारा घेणारा एक होत नाहीत. शिवाय वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी यांच्या वाट्याला ते सिंहासनही नव्हते. शेजारच्या डहाणू-उंबरगाव भागात १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या साथीने वारली वेठीविरुद्ध उभे राहिले. ती स्मृती या मुलखातील कोणत्याही प्रदर्शनातून वगळता येणार नाही.

दुसरा प्रश्न असा की, ‘समकालीन’ कोणाला म्हणायचे? मुंबई-दिल्लीचे चित्रकार दिवाणखान्यात आणि वारली चित्र ‘लोककला’ म्हणून दरवाजाच्या चौकटीवर, हीच वाटणी बहुधा केली जाईल. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे १९८९ साली पॅरिसच्या प्रदर्शनात लागली. २००३ साली ड्यूसेलडॉर्फच्या संग्रहालयात ती रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताच्या कृतींशेजारी मांडली गेली. परदेशाला जे समकालीन वाटले, ते घरच्या बाजारात साड्यांवर आणि कपबश्यांवर निनावी विकले जाते. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने कलेचे नाव राखले, पण चितारणाऱ्या हाताला दाम मिळेलच याची हमी दिली नाही. आणि लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवाशिणींचे काय? १९७० नंतर चित्र भिंतीवरून कागदावर उतरले, तेव्हा कीर्ती मुख्यतः पुरुषांच्या पदरी पडली. मोखाड्याच्या बोहाड्यातील मुखवटेही काचेच्या कपाटात मुके होतील. सोंग नाचले तरच ते जिवंत असते.

काही कार्यकर्ते विचारतील: ज्या जव्हार तालुक्यात १९९२ साली वावर-वांगणीला कुपोषणाने बालके दगावली, तेथे चित्रांची चैन कशाला? प्रश्न प्रामाणिक आहे, पण अपुरा आहे. मोखाड्याच्या हद्दीत मध्य वैतरणेचे धरण झाले, पाणी मुंबईला गेले. उन्हाळ्यात पाड्यावरच्या बायका हंडा घेऊन मैलोगणती चालतात. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. पाणी, घाम आणि चित्र ही तिन्ही घाट उतरून शहरात जातात, आणि मागे राहणाऱ्याच्या हाती दाम उरत नाही, नावही उरत नाही. भूक आणि अनामिकता यांचे मूळ एकच आहे. म्हणून कलावंताच्या हक्काचा लढा हा मजुरीच्या लढ्याहून वेगळा मानता येत नाही.

तेव्हा अटी आधी, प्रदर्शन मागाहून. प्रत्येक कृतीखाली कलावंताचे नाव आणि पाडा असावा. मेहनताना लेखी कराराने ठरावा, विक्रीत वाटा असावा. निवड समितीत पाड्यांवरील स्त्रीपुरुषांचे बहुमत असावे. वास्तूचा इतिहास मराठीत, साऱ्यासकट लिहिलेला असावा. स्थानिकांना प्रवेश विनामूल्य असावा, आणि प्रदर्शनाचा हंगाम भट्टीचा हंगाम नसावा.

या अटी मान्य होत असतील, तर राजवाड्याचे दरवाजे खुशाल उघडावेत. मान्य नसतील, तर पाड्यावरची शेणामातीची भिंत त्या दगडी भिंतीपेक्षा अधिक मानाची आहे, कारण तेथे चितारणारा पाहुणा नसतो. तो घरधनी असतो.